टेबलाचा पाय निमुळता करायचाय? मग बाहेरचा कोपरा धरून ठेवा

गेल्या अंकात अभ्यासाच्या टेबलाचं ड्रॉइंग दिलं होतं, त्यावर यावेळी भरपूर पत्रं आली आणि जवळपास सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय, ते म्हणजे कॉम्प्युटरवर पाय निमुळता कसा करायचा. ज्यांच्याकडे तो अंक नसेल त्यांच्यासाठी मापं परत सांगतो कारण खालची सगळी उत्तरं याच मापांवर आहेत. टेबलाची उंची ७५० एमएम, वरची फळी २० एमएम, म्हणजे पाय ७३० एमएम लांब. पाय वर ४५ बाय ४५, खाली तळाशी २५ बाय २५. वरचे १२५ एमएम चौकोनी सरळ ठेवायचे, तिथं फळीखालची १०० एमएम रुंद पट्टी बसते, आणि त्याच्या खालचे ६०५ एमएम निमुळते, पण फक्त आतल्या दोन बाजूंनी. बाहेरच्या दोन बाजू वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात.

दादा, मी इंटिरियरचा डिप्लोमा करतेय. स्केचअपमध्ये (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) तुमचा पाय काढला, खालचा फेस म्हणजे सपाट बाजू सिलेक्ट करून स्केल टूलने कंट्रोल दाबून लहान केला तर पाय एकदम वरपासूनच बारीक होत गेला. पट्टी लावली तर वर टेकते आणि खाली फट दिसते. आणि चारही बाजू तिरप्या झाल्या. कुठं चुकतंय? (अमळनेर)

ताई, दोन गोष्टी एकदम झाल्यात म्हणून गोंधळ वाटतोय, वेगवेगळ्या करून बघितल्या की सोप्या आहेत.

पहिली गोष्ट, वरपासून बारीक का झाला. स्केचअपला तुमच्या पायात फक्त दोन टोकं माहितीयेत, वरचा चौकोन आणि खालचा चौकोन, मधे काहीच नाही, मग खालचा चौकोन लहान केला की तो बिचारा वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढणार, दुसरं करणार काय. जिथून निमुळतं व्हायला सुरुवात करायची तिथं एक रेघ पाहिजे, पायाच्या चारही बाजूंना गोल फिरणारी. ती रेघ हाताने काढत बसू नका, चुकते. ४५ बाय ४५ चा चौकोन जमिनीवर काढा, पुश-पुलने (फेस ओढून ठोकळा करायचं टूल) ६०५ वर उचला, मग परत पुश-पुल घ्या, यावेळी कंट्रोल एकदा दाबा म्हणजे कर्सरजवळ अधिकचं चिन्ह दिसेल, आणि १२५ टाईप करा. आता जुना फेस तिथंच राहून त्याच्यावर नवीन ठोकळा चढतो आणि मधली रेघ आपोआप तयार होते. आता खालच्या फेसला काहीही करा, वरचे १२५ हलत नाहीत. पट्टी बसते ती याच भागात, म्हणून फट पण गेली. तुमच्या पायात १०० एमएम खाली येईपर्यंत प्रत्येक बाजू जवळपास दीड एमएम आत गेली होती, स्क्रीनवर किरकोळ वाटतं पण सुतारकामात दीड एमएमची फट म्हणजे लांबून दिसणारी फट.

दुसरी गोष्ट, चारही बाजू तिरप्या झाल्या त्या कंट्रोलमुळे. स्केल करताना कंट्रोल दाबला की फेस मधल्या बिंदूकडे आकसतो. आपल्याला बाहेरचा कोपरा जागेवर ठेवून बाकीचं त्याच्याकडे ओढायचंय. म्हणून कंट्रोल दाबायचाच नाही. खालचा फेस सिलेक्ट करा, स्केल घ्या, टेबलाच्या आतल्या बाजूला जो कोपरा येणार आहे त्याचा हँडल पकडा, थोडा सरकवा आणि ०.५५५६ टाईप करून एंटर मारा. हा आकडा म्हणजे २५ भागिले ४५. समोरचा म्हणजे बाहेरचा कोपरा जागचा हलत नाही, आणि बाहेरच्या दोन्ही बाजू सरळ राहतात.

आता तुम्ही म्हणाल चारही बाजूंनी निमुळता केला तर काय बिघडतं. बिघडत नाही, तो पण एक प्रकार आहे, छोट्या स्टुलाला छान दिसतो. पण आतून निमुळता केलेल्या पायावर टेबल जरासं पाय फाकवून भक्कम उभं असल्यासारखं दिसतं, आणि दुसरं म्हणजे सगळी मापं घ्यायला दोन सरळ बाजू कायम हाताशी राहतात. मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पट्टी किती आत बसवायची, खाच कुठं पाडायची, दोन पायांमधलं अंतर किती, सगळं बाहेरच्या कोपऱ्यापासून मोजा. मिस्त्री पण तेच करतो, गुण्या (काटकोन बघायचं साधन) सरळ बाजूलाच लावतो, तिरप्या बाजूला गुण्या लावून काही मोजता येत नाही.

आणि हो, पाय काढून झाला की लगेच त्याचा कॉम्पोनंट म्हणजे वेगळा सुटा भाग करा, पट्टी काढायच्या आधी. नाहीतर स्केचअपमध्ये दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि पाय सरकवला की पट्टी ताणली जाते.

नमस्कार. आमच्याकडे सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या आहे, वडील पाय करवतीने कापून रंध्याने साफ करतात, मी आता फ्रीकॅडवर (हे पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) काढायला शिकतोय. कोन काढला तर १.८९ अंश आला, तो पॅडच्या (चौकोन उचलून ठोकळा करायची कमांड) टेपर अँगलमध्ये, म्हणजे निमुळतेपणाच्या कोनात टाकला तर पाय खाली सुईसारखा, फक्त ५ एमएम राहिला. कोन तर बरोबर आहे ना? (शिरपूर)

कोन बरोबर आहे भाऊ, पण तो एका बाजूचा कोन आहे आणि पॅड तो चारही बाजूंना लावतो. हिशोब बघा. एका बाजूने २० एमएम कमी करायचेत ६०५ च्या लांबीत, २० भागिले ६०५ चा कोन १.८९ अंश. पॅडने समोरासमोरच्या दोन्ही बाजू वीस-वीस आत घेतल्या, ४५ मधून ४० गेले, उरले ५. चारही बाजूंनी निमुळता पाय करायचा असता तर प्रत्येक बाजूला १० एमएम, म्हणजे ०.९५ अंश टाकायला पाहिजे होते. आणि चिन्ह उलटं पडलं तर पाय खाली फुगतो, ते पण लक्षात ठेवा.

पण मी तर सांगेन की निमुळत्या पायासाठी कोन वापरूच नका. कोनात अर्ध्या अंशाचा फरक पडला तर ६०५ च्या लांबीत तळाशी ५ एमएमपेक्षा जास्त फरक पडतो, आणि वडिलांना तुम्ही १.८९ अंश सांगितलं तर ते कशाने मोजणार? तळाशी २५ राहिले पाहिजेत हे त्यांना एका सेकंदात समजतं. मग ड्रॉइंग पण त्याच पद्धतीने करा जसं ते कापतात, आधी पूर्ण चौरस ठोकळा आणि मग त्यातून दोन पाचरी काढून टाकायच्या.

फ्रीकॅडमध्ये हे असं. पार्ट डिझाइनमध्ये एक्सवाय प्लेनवर, म्हणजे आडव्या पातळीवर ४५ चा चौकोन काढा, त्याचा बाहेरचा कोपरा बरोबर ओरिजिनवर म्हणजे शून्य बिंदूवर ठेवा, मधोमध नाही. पॅड ७३०. आता पायाच्या बाहेरच्या दोन बाजू एक्सझेड आणि वायझेड या दोन उभ्या प्लेनवर आल्या. एक्सझेडवर नवीन स्केच घ्या, त्यात एक लांब काटकोन त्रिकोण काढा: वरचं टोक आतल्या कडेवर, तळापासून ६०५ वर, खाली तळाशी २० ची रुंदी. पॉकेट करा म्हणजे तेवढा भाग कापून काढा, थ्रू ऑल म्हणजे आरपार, उलट्या दिशेला जात असेल तर रिव्हर्स्डला टिक करा. मग तसाच त्रिकोण वायझेड प्लेनवर आणि परत पॉकेट. झाला पाय.

दुसरा त्रिकोण काढताना बरेच जण एक चूक करतात, पहिल्या कापानंतर तयार झालेल्या तिरप्या फेसवर क्लिक करून तिथंच स्केच उघडतात. मग माप तिरप्या बाजूवरून जातं, आणि नंतर वरचं माप बदललं की स्केच कुठल्यातरी दुसऱ्याच फेसवर जाऊन बसतं. फ्रीकॅडची ही जुनी दुखणी आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० व्हर्जनमध्ये ती बरीच कमी झाली, तरी पण स्केच मूळ प्लेनवरच ठेवायची सवय लावा. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणालं की तळ २५ चा ३० करा, तर दोन आकडे बदलले की काम झालं पाहिजे. ते आकडे स्प्रेडशीटमध्ये लिहून स्केचला जोडले तर अजून चांगलं, मग उंची, जाडी, सुरुवात आणि तळ या चार आकड्यांवर स्टूल, टेबल, टीपॉय सगळं त्याच एका फाईलमधून निघतं.

एक अजून, हे फक्त कॉम्प्युटरचं नाही, वडिलांना विचारा ते पण हेच सांगतील. खाचा आधी पाडायच्या, निमुळतं नंतर करायचं, कारण चौरस ठोकळा बाकावर नीट बसतो. आणि तिरपा काप घेतल्यावर लाकूड कधी कधी वाकतं, आतला ताण मोकळा होतो म्हणून. आधी दोन-तीन एमएम जास्त ठेवून कापायचं, काही दिवस तसंच राहू द्यायचं, मग रंधा मारून मापात आणायचं. मे महिन्यात खान्देशात ४५ डिग्रीत काम चालू असेल तर हे जास्तच पाळा.

दादा, आमना टेबलले बठ्ठा पाय सारखाच दिसतस पन दोन बसतस नही. एकच पाय काढून तीनदा कॉपी केला आणि नव्वद-नव्वद अंशात फिरवला. लांब बाजूची पट्टी १०० एमएम आणि आखूड बाजूची ७५ ठेवली आहे. (साक्री)

तुम्ही दोन पट्ट्यांची मापं लिहिली म्हणून लगेच समजलं, बरं झालं.

आतल्या दोन बाजूंनी सारखा निमुळता केलेला चौरस पाय कर्णावर सारखाच असतो, म्हणून नुसता पाय असेल तर फिरवून चारही कोपऱ्यांत चालतो, उजवा-डावा असा फरक नसतो. पण खाचा पाडल्या की गोष्ट बदलते. तुमच्या पायात एका बाजूला १०० ची खाच आणि शेजारच्या बाजूला ७५ ची. टेबलाभोवती चक्कर मारा, एका कोपऱ्यात लांब पट्टी डाव्या हाताला येते, पुढच्या कोपऱ्यात उजव्या हाताला, मग परत डाव्या. म्हणजे समोरासमोरचे तिरके दोन पाय एकसारखे आणि बाकीचे दोन त्यांचं आरशातलं रूप. फिरवून आरशातलं रूप कधीच मिळत नाही. म्हणून तुमचे दोन बसले आणि दोन नाही.

उपाय सोपा, एक पाय पूर्ण करा, खाचांसकट, मग तो टेबलाच्या मध्यरेषेवर मिरर करा, आणि मग ती जोडी दुसऱ्या मध्यरेषेवर मिरर करा. स्केचअपमध्ये फ्लिप, फ्रीकॅड आणि फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये मिरर. दोन्ही पट्ट्या एकाच मापाच्या आणि बाहेरच्या बाजूपासून सारख्याच आत ठेवल्या असत्या, आणि दोन्ही कुसवं (पट्टीची खाचेत बसणारी टोकं) एका उंचीवर असती, तर फिरवून पण चाललं असतं. पायच मुळात ६० बाय ४० असा लांबट असेल तर मात्र मिररच लागतो. आणि मिस्त्रीला द्यायच्या यादीत "पाय ४ नग" असं लिहू नका, "पाय डावा २, पाय उजवा २" असं लिहा, नाहीतर तो चारही एकसारखे करून ठेवेल आणि त्याची काही चूक नसेल.

फ्यूजनमध्ये वर चौकोन आणि खाली चौकोन काढून लॉफ्ट (दोन आकार जोडून घन करायची कमांड) केलं तर पाय पिळल्यासारखा होतो. (भुसावळ)

दोन्ही चौकोनांचे सुरुवातीचे कोपरे जुळत नाहीयेत, वरचा पहिला कोपरा खालच्या दुसऱ्या कोपऱ्याला जोडला जातोय. खालचा चौकोन कसाही काढण्यापेक्षा वरच्याच पद्धतीने, त्याच कोपऱ्यापासून, त्याच दिशेने काढा. वर चौकोन आणि खाली गोल करायचं असेल तर वर्तुळाचे ४५ अंशांवर चार तुकडे करा म्हणजे चार कोपऱ्यांना चार बिंदू मिळतात, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने जोडतं. आणि साध्या सरळ निमुळत्या पायाला लॉफ्ट लागतच नाही, वर शिरपूरच्या भाऊंना सांगितलेले दोन काप तुम्हाला पण पुरतात.

जुन्या चंदीगडच्या खुर्च्यांसारखे इंग्रजी उलट्या व्ही आकाराचे पाय काढायचेत, ते कसे? (जळगाव)

वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीत १९५० च्या दशकात चंदीगडच्या सरकारी ऑफिसांसाठी सागवानात ज्या खुर्च्या झाल्या त्याच म्हणताय ना. ते काम दिसतं त्याच्यापेक्षा सोपं आहे, कारण तो पाय चपटा आहे. बाजूने दिसणारा आकार एका स्केचमध्ये काढा, वर रुंद आणि खाली तळाकडे बारीक, आणि जाडी एकसारखी ओढा, बस. फक्त वर जिथं दोन पाय मिळतात तिथं एका फळीतून अख्खा व्ही कापू नका, लाकडाचे रेषे पायाच्या लांबीला आडवे जातात आणि पाय मोडतो. दोन पाय वेगळे काढा, प्रत्येकाचे रेषे त्याच्या लांबीने, आणि वर सांधा द्या. मॉडेलमध्ये पण ते दोन वेगळे भागच ठेवा.

गोल, निमुळते आणि बाहेर झुकलेले पाय, उंची ४०० एमएम, समोरून आणि बाजूनं दोन्हीकडून १० अंश झुकलेले दिसायला हवेत. पाय ४०० लांब काढून दोनदा १० अंश फिरवला तर टेबल बुटकं होतं आणि दोन बाजूंचा झुकाव पण सारखा दिसत नाही. (धुळे)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण यात भूमिती आहे आणि ती लेथवाल्याच्या रोज कामाची आहे.

आधी पाय सरळ उभा काढा, झुकाव विसरून जा. अर्धा आकार एका स्केचमध्ये काढून मधल्या अक्षाभोवती रिव्हॉल्व्ह करा, म्हणजे गोल फिरवून घन आकार बनवा. वर ४० आणि खाली २२ व्यास पाहिजे असेल तर स्केचमध्ये २० आणि ११ येतील, कारण तिथं त्रिज्या असते, इथं बऱ्याच जणांचा पाय दुप्पट जाड होतो. स्केचअपवर करत असाल तर त्यासाठी फॉलो-मी टूल वापरा आणि वर्तुळाच्या कडा वाढवून ४८ तरी करा, मूळच्या २४ कडांवर पाय पैलूदार दिसतो.

आता झुकाव. समोरून १० आणि बाजूने १० अंश म्हणजे पाय प्रत्यक्षात कर्णाच्या दिशेने झुकतो, आणि तो खरा झुकाव २० पण नाही आणि १० पण नाही, तो १४ अंश आहे. १० अंशाचा टॅन्जंट ०.१७६३, दोन्हीचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा, ०.२४९४ येतं, त्याचा कोन १४.०. म्हणून एकदाच फिरवा, ४५ अंशातल्या अक्षाभोवती १४ अंश. दोनदा दहा-दहा फिरवलं की दुसऱ्यांदा फिरताना पहिला झुकाव पण थोडा बदलतो, एका बाजूने १० आणि दुसऱ्या बाजूने १०.१५ दिसतं. डोळ्यांना हा फरक कळणं अवघड आहे, पण कॉम्प्युटरला कळतं आणि चार पायांचे तळ जुळताना त्रास होतो.

लांबी पण याच्यातूनच निघते. ४०० उंचीसाठी पायाची मधली लांबी ४१२ लागते, ४०० भागिले १४ अंशाचा कोसाइन. तुमचं टेबल १२ एमएमने बुटकं झालं ते इथं. शिवाय दोन्ही टोकं जमिनीला समांतर कापायची असतात, त्यामुळे लेथवाल्याला ४१२ नाही, ४३५-४४० लांबीचा पाय करायला सांगा. मॉडेलमध्ये पण तसंच करा, पाय थोडा लांब ठेवा, फिरवा, आणि मग आडव्या प्लेनने वर-खाली कापा. कापल्यावर तळ गोल न राहता अंडाकृती दिसेल, ते बरोबरच आहे.

तळ प्रत्येक दिशेला ७० एमएम बाहेर जातो. वरच्या फळीच्या बाहेर जाणार नाही एवढं आत पाय बसवा, घरात लोक ठेचकाळतात, लहान पोरं तर हमखास.

कॅडमध्ये पायाचं घनफळ दाखवतात, त्यावरून सागवान किती लागेल ते काढलं तर चालेल का? वखारीत घनफुटावर भाव आहे. (चाळीसगाव)

नाही चालणार, आणि हे जरा नीट समजून घ्या कारण इथं सरळ खिशाला चाट बसते.

आपल्या टेबलाचा एक तयार पाय, निमुळता केलेला, साधारण ०.०३६ घनफूट भरतो, चार पायांचे ०.१४३. पण तो पाय निघतो चौरस ठोकळ्यातून, आणि ठोकळा पण रंधा मारायच्या आधीचा, म्हणजे कमीत कमी ५० बाय ५० बाय ७६०. चार ठोकळ्यांचे होतात ०.२६८ घनफूट. जवळपास दुप्पट! काढून टाकलेली पाचर विकत घेताना मोजली जातेच. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक पायासाठी ठोकळ्याचं माप वेगळं लिहून ठेवा, कटलिस्टमध्ये (कापायच्या तुकड्यांच्या यादीत) तेच माप गेलं पाहिजे, तयार पायाचं नाही. करवतीच्या प्रत्येक कापाला तीनेक एमएम भुसा होतो तो पण धरा.

ठोकळा निवडताना दोन गोष्टी बघा. टोकाकडून बघितल्यावर वर्षाची वलयं कर्णात तिरपी जात असतील तो ठोकळा पायाला सगळ्यात चांगला, चारही बाजूंना रेषे सरळ आणि एकसारखे दिसतात. आणि बांधावरचा कोवळा साग असेल तर त्यात फिकट रंगाचं बाहेरचं लाकूड असतं, त्याला कीड लवकर लागते, तो कोपरा आतल्या बाजूला फिरवा म्हणजे निमुळतं करताना त्यातलं बरंचसं कापलं जातं. कुठला कोपरा आत आणि कुठला बाहेर हे ठोकळ्यावर आधीच पेन्सिलीने लिहून ठेवायचं. साग घेताना बिल आणि वाहतुकीचा पास बघितल्याशिवाय माल उचलू नका, सातपुड्यातला असो का बाहेरचा.

आमचे मिस्त्री सुतात काम करतात, माझं ड्रॉइंग एमएममध्ये. २० एमएम म्हणजे सहा सूत आणि वर थोडं, ते थोडं कसं सांगायचं? (शहादा)

सांगायचंच नाही, ड्रॉइंगच सुतात करा. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत ३.१७५ एमएम. आपल्या पायाची मापं वर १४ सूत, तळाला ८ सूत, म्हणजे आतल्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा सूत कमी. एमएममध्ये हे ४४.४५, २५.४ आणि १९.०५ होतं, दिसायला काही फरक नाही पण टेपवर प्रत्येक माप रेघेवर येतं. निमुळतं कुठून सुरू होतं ते वरून ५ इंच. सॉफ्टवेअरच्या युनिटमध्ये इंच निवडा आणि अचूकता एक अष्टमांश ठेवा, मग सगळी मापं आपोआप सुतातच दिसतील. फक्त एक काळजी घ्या, अष्टमांशावर ठेवलं की मधली मापं पण गोल करून दाखवली जातात, म्हणून मॉडेल करतानाच माप रेघेवर येईल असं टाका, नंतर गोल करायला सॉफ्टवेअरवर सोडू नका.

आणि मिस्त्रींना तीन बाजूंचं ड्रॉइंग देण्यापेक्षा पायाच्या एका बाजूची खऱ्या मापाची प्रिंट द्या. पाय ७३० एमएम, ए-१ कागदाची लांबी ८४१, आरामात बसतो. नकाशे छापणाऱ्या दुकानात प्लॉटर असतो. प्रिंट काढताना एकास एक निवडा, पानात बसवा हा पर्याय बंद ठेवा, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बरोबर ४ इंचाची एक रेघ काढून ठेवा. दुकानातच टेप लावून ती रेघ मोजा. ४ इंच भरली तर कागद घ्या, एक सूत जरी कमी भरली तरी परत काढायला लावा, कारण चार इंचाला एक सूत कमी म्हणजे अख्ख्या पायाला जवळपास एक इंच कमी. मग तो कागद प्लायच्या पट्टीवर चिकटवून पट्टी कापायला सांगा, तेवढ्या एका पट्टीवर मिस्त्री चारही पायांच्या दोन्ही बाजू आखून घेतील, पट्टीची सरळ कड पायाच्या बाहेरच्या कडेला लावून.